पोटासाठी नोकरी, मग पेटी कशासाठी?

गेल्या महिन्यातील गोष्ट. रविवारी सकाळी विहारात वंदना झाल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे बाहेरच्या कट्ट्यावर बसलो होतो. रविवारचा तो एक तास आमचा ठरलेला. रेशनकार्डापासून पोलिसांच्या नोटिशीपर्यंत ज्याला जे दाखवायचे ते तो घेऊन येतो. फी नसते, चहा मात्र असतो. त्या दिवशी वस्तीतला एक तरुण आला. वय पंचविशीच्या आसपास, नोकरी मालाच्या एका गोदामात. खिशातून त्याने चार घड्या घातलेला कागद काढला. जादा तास काम करण्यास आपली हरकत नाही, अशा अर्थाचे ते संमतिपत्र होते. खाली सहीची जागा रिकामी होती.

"वकीलसाहेब, सही करू का?"

आम्ही कागद वाचला. विचारले, "पैसे किती वाढतील?" त्याने आकडा सांगितला. म्हाताऱ्या आईची औषधे, बहिणीची फी, खोलीचे भाडे या हिशोबात तो आकडा लहान नव्हता. आम्ही म्हणालो, "मग अडचण काय? कर सही."

तो गप्प राहिला. मग खाली बघत म्हणाला, "साहेब, आपल्या पार्टीची रिहर्सल संध्याकाळी असते. मी ढोलकीवर आहे. सही केली तर ढोलकी सुटेल."

आणि आम्ही काय म्हणालो? जे शंभरातले नव्वद जण म्हणतात तेच. "अरे, आधी पोट. ढोलकी काय, नंतर वाजवता येते." त्याने मान डोलावली, कागदाची पुन्हा घडी घातली आणि तो निघून गेला. आम्हीही उठलो. एक चांगला व्यवहारी सल्ला दिल्याचे समाधान घेऊन घरी आलो.

घरी दिवाणाखाली आमची पेटी आहे. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. दुपारी पत्नीने केर काढताना ती पुढे ओढली आणि विचारले, "ही द्यायची का कुणाला? वाजवत तर नाहीच." तेव्हा आमच्या लक्षात आले की, सकाळी जो सल्ला आम्ही त्या पोराला दिला, तोच वीस वर्षांपूर्वी कुणीतरी आम्हाला दिला होता. 'आधी वकिली कर, पेटी नंतर वाजवता येते.' ते 'नंतर' अजून आलेले नाही.

म्हणून आजचा हा लेख. चूक आमची आहे, तेव्हा तपासणीही आमच्यापासूनच सुरू व्हावी.

आमची पिढी घाटकोपरच्या वस्त्यांत वाढली ती गाण्यांवर. चौदा एप्रिल असो की सहा डिसेंबर, बारसे असो की जलदान विधी, गायन पार्टी हवीच. पेटी, ढोलकी, झांज आणि चारजणांचा कोरस. इतिहासाचे पुस्तक हाती यायच्या आधी महाड आणि येवला आम्हाला गाण्यांतून कळले. या पार्टीतले गाणारे कोण होते? दिवसा महापालिकेत झाडू मारणारे, गोदीत ओझी उचलणारे, रेल्वेत खलाशी, कुठल्या कचेरीत शिपाई. रात्री तेच लोक स्टेजवर उभे राहिले की ओळखू येत नसत. अंग तेच, पण माणूस दुसरा! वामनदादा कर्डक घ्या. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला हा माणूस मुंबईत कष्टाची कामे करता करता अक्षरओळख शिकला आणि १९४३ साली गीते लिहू लागला. २००४ साली ते गेले तेव्हा महाराष्ट्रातले एकही भीमनगर असे नव्हते, जिथे त्यांची ओळ कुणाला पाठ नव्हती.

याच घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णाभाऊ साठे राहिले. शाळा दीड दिवसाची, पुढे गिरणीतली मजुरी, डोक्यावर झोपडीचे छप्पर. त्या झोपडीतून कथा, कादंबऱ्या, लोकनाट्ये बाहेर पडली. १९५९ साली आलेली 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आणि १९६१ साली तिला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. आम्ही हे अभिमानाने सांगतो, पण सांगताना एक गफलत करतो. गरिबी होती म्हणून अण्णाभाऊ मोठे लेखक झाले, असा काहीसा सूर लावतो. हे साफ खोटे आहे! गरिबी असूनही ते लिहीत राहिले. १९६९ साली गोरेगावच्या सिद्धार्थनगरात ते गेले तेव्हा वय पन्नासही नव्हते. थोडी उसंत, थोडी स्वस्थता मिळाली असती तर त्या माणसाने अजून काय काय लिहिले असते? हा प्रश्न आम्ही विचारत नाही, कारण त्याचे उत्तर समाज म्हणून आम्हाला अडचणीत टाकणारे आहे.

दुसरे नाव विलास घोगरे यांचे. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचे जीव गेले. आम्ही तेव्हा कॉलेजात नुकतेच पाऊल टाकले होते. त्यानंतर चारच दिवसांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत शाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला. कपाळाला निळे कापड बांधलेले होते. १९८५ च्या 'बंबई हमारा शहर' या आनंद पटवर्धनांच्या माहितीपटात झोपडीवाल्यांचे दुःख गाणारा आवाज त्यांचाच. पुढे २०११ साली पटवर्धनांनी 'जयभीम कॉम्रेड' केला, त्याची सुरुवातच या शाहिराच्या जाण्यापासून आहे. चळवळीला गाणारा हवा असतो, सभेच्या आधी गर्दी जमवायला तो लागतोच. पण गाणाऱ्याच्या घरी चूल पेटते का, त्याचे मन कुठे जाळत चालले आहे, हे विचारायला किती कार्यकर्ते त्याच्या दारात गेले? आम्हीही गेलो नाही. त्या वर्षापासून आमच्या मनात ठरले की, आता गाणे पुरे, कायदा शिकायचा. निर्णय चुकीचा होता असे आम्ही आजही म्हणणार नाही. चूक एवढीच की, एक हाती घ्यायचे तर दुसरे टाकलेच पाहिजे, असे आम्ही धरून चाललो.

आता कुणी म्हणेल, बाबासाहेबांनी अठरा-अठरा तास अभ्यास केला, ते काय पेटी वाजवत बसले होते? हा प्रश्न आमच्या सभांत नेहमी येतो आणि टाळ्या घेतो. तर वाचकहो, उत्तर ऐका. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूरमंत्री, घटना मसुदा समितीचे अध्यक्ष, कायदेमंत्री, अशी कामे ज्यांच्या खांद्यावर होती त्या बाबासाहेबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात व्हायोलिन शिकायला घेतले. शिकवायला गुरू ठेवला. ग्रंथांचे वेड तर जगजाहीर आहे. दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले तेच मुळी ग्रंथांना जागा हवी म्हणून. ज्याच्या डोक्यावर कोट्यवधी माणसांचा भार, त्याला व्हायोलिनसाठी वेळ काढावासा वाटतो, आणि आम्हाला दोन जामीन अर्ज आणि एक तारीख आली की पेटीसाठी वेळ नाही!

आणि ही केवळ वैयक्तिक आवड नव्हती, त्यामागे विचार होता. १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात बाबासाहेब यंत्रयुगाची बाजू घेतात ती का? त्यांचे म्हणणे असे की, जनावराला पोट भरले की झाले. माणसाचे तसे नाही. माणसाला संस्कृतीचे जीवन हवे, मनाची मशागत हवी आणि त्यासाठी फुरसत हवी. यंत्रामुळे श्रम वाचतात, श्रम वाचले की फुरसत मिळते, म्हणून यंत्र हवे. चरख्याकडे परत जा म्हणणाऱ्यांना त्यांनी दिलेले हे उत्तर आहे. शेकडो वर्षे फुरसत एका वर्णाची आणि राबणे दुसऱ्याचे, अशी वाटणी या देशात होती. वाङ्मय, संगीत, चर्चा हे त्यांचे; ढोल आमचा, पण तोही त्यांच्या दारात, त्यांच्या लग्नात, त्यांनी सांगितले तेव्हा. स्वतःच्या आनंदासाठी ढोलकी वाजवणे हा आमच्यासाठी नुसता छंद कधीच नव्हता, तो अधिकार होता.

या अधिकाराला कायद्याचा आधार आहे का? वकील म्हणून आम्ही सांगतो, आहे. भारतीय संविधानाचा अनुच्छेद ४३ काढून वाचा. कामगाराला निर्वाह वेतन मिळावे एवढेच त्यात नाही. फुरसतीचा पूर्ण उपभोग आणि सामाजिक व सांस्कृतिक संधी मिळतील अशी कामाची परिस्थिती निर्माण करण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असे तिथे लिहिले आहे. मार्गदर्शक तत्त्व आहे, कोर्टात जाऊन थेट बजावून घेता येत नाही, हे खरे. पण राज्यकारभारात ते मूलभूत आहे आणि कायदे करताना ते लागू करणे राज्याचे कर्तव्य आहे, हे अनुच्छेद ३७ सांगतो. संविधान दिनाला प्रास्ताविका आम्ही सगळेच मोठ्याने वाचतो. त्रेचाळीसावा अनुच्छेद मात्र वस्तीतल्या किती जणांना माहीत आहे?

ही फुरसतही कुणी भीक म्हणून घातलेली नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० साली आठवड्याची रविवारची सुट्टी मिळवली. त्याआधी गिरणीला रविवार नव्हता. मग तासांची लढाई. १९२२ च्या कायद्याने आठवड्याला ६० तासांची मर्यादा आली, १९३४ च्या कायद्याने कायम चालणाऱ्या कारखान्यांसाठी ५४ तासांची. आणि ५४ चे ४८ करणारी १९४६ ची दुरुस्ती आणली ती मजूरमंत्री डॉ. आंबेडकर यांनी. 'चौदा तासांचे आठ केले' असे मोबाईलवर फिरते, ते वाचून ऊर भरून येतो. पण कायद्याच्या कागदावर जे आहे तेच सांगावे, तेही काही लहान नाही. नऊ तासांचा दिवस, ४८ तासांचा आठवडा. आम्ही रिहर्सलला जात होतो ती संध्याकाळ या आकड्यांतून आली होती.

आता आजचा हिशोब मांडू. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि वीस किंवा अधिक कामगार असलेल्या दुकाने-आस्थापनांत ९ वरून १० वर नेण्यास मंजुरी दिली. कारखान्यांतील जादा कामाची तीन महिन्यांची मर्यादा ११५ वरून १४४ तास. कामगाराची लेखी संमती घ्यावी लागेल, असेही म्हटले. सरकार म्हणते, पैसे जास्त मिळतील, उद्योग येतील. बरोबर, जादा कामाला जादा मोबदला आहे. पण उपनगरातल्या माणसाचा दिवस मोजून बघा. नऊ तास काम. मुलुंडहून, कळव्याहून, दिव्याहून अंधेरीला जाणे-येणे तीन तास. झोप सात तास. उरले पाच, त्यात पाणी भरणे, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांची औषधे. कामाचे नऊचे बारा झाले की पाचाचे उरतात दोन. त्या दोन तासांत माणूस जेवेल, की मुलाशी बोलेल, की ढोलकीची दोरी ताणेल?

आणि 'लेखी संमती' म्हणजे काय, हे त्या रविवारी आमच्या हातात होते. बाराशे वेळा वाचलेला कायदा आम्हाला सांगतो की, दबावाखाली दिलेली संमती ही संमती नव्हे. पण ज्याचा कंत्राटाचा कागद दर काही महिन्यांनी नवा होतो, तो 'नाही' कसा म्हणेल? तो सही करतो आणि कागदावर सारे कसे राजीखुशीने घडलेले दिसते. आम्ही वकील असून त्या पोराला हे सांगितले नाही. फक्त आकडा विचारला.

घाटकोपर-अंधेरी प्रवासाला पूर्वी बेस्टच्या बसमध्ये साकीनाक्याच्या गर्दीत दीड-दीड तास जायचा. ८ जून २०१४ ला मेट्रो सुरू झाली आणि ते अंतर वीस-पंचवीस मिनिटांवर आले. आम्ही तेव्हा खूश झालो होतो, रोजचा तास-सव्वा तास वाचणार म्हणून. आज अंधेरी कोर्टातून परतताना विचार करतो, तो वाचलेला तास गेला कुठे? पेटीकडे तर गेला नाही. मोबाईलवर अशिलांचे फोन, कामाचे निरोप, आणि उरला तर दुसऱ्याने नाचलेले-गायलेले बघणे. यंत्राने फुरसत दिली होती, आम्ही ती सांडली. तेव्हा सगळाच दोष सरकारच्या माथी मारून चालणार नाही.

घरातल्या दोषाचेही बोलले पाहिजे. आमची पेटी निदान दिवाणाखाली तरी आहे. आमची पत्नी रुग्णालयात परिचारिका आहे, तीन पाळ्यांत फिरते. लग्नाआधी ती पेन्सिलने चित्रे काढायची. माहेरच्या वस्तीत एका जयंतीला तिने काढलेले माता रमाईचे चित्र लागले होते, असे तिची बहीण सांगते. लग्नानंतर तिच्या हातात पेन्सिल आली ती मुलांच्या वह्या तपासायला. आमच्या पेटीबद्दल आम्हाला खंत वाटते, लेखही लिहितो. तिच्या पेन्सिलीबद्दल वीस वर्षांत आम्ही एकदाही विचारले नाही. उर्मिला पवार यांचे २००३ साली आलेले 'आयदान' आमच्या कार्यकर्त्या बांधवांनी एकदा या नजरेने वाचावे. सरकारी बांधकाम खात्यातली नोकरी, संसार, मुले, त्यातच एम.ए.चा अभ्यास, कथालेखन आणि चळवळ. बाई लिहायला बसली की घरच्या माणसांचे कपाळ कसे आठ्यांनी भरते, हे त्यांनी लपवलेले नाही. मीनाक्षी मून यांच्यासोबत ठिकठिकाणी जाऊन चळवळीतल्या स्त्रियांना त्या भेटल्या आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक उभे राहिले. ते काम कुणी पगारी रजा देऊन करवून घेतले नव्हते. नोकरी करणाऱ्या बाईने आपल्या वाट्याच्या तुकड्या-तुकड्यांच्या वेळातून ते विणले. आमच्या किती घरांत असे पुस्तक न लिहिलेलेच संपले असेल?

विहारात हा विषय काढला तेव्हा एका ज्येष्ठ उपासकांनी हरकत घेतली. म्हणाले, "धम्मात नृत्य-गीत-वाद्य वर्ज्य सांगितले आहे." त्यांचा मान राखून आम्ही उत्तर दिले की, ते शील अष्टशीलात आहे, उपोसथाच्या दिवसासाठी आणि श्रामणेरांसाठी. रोजच्या संसारी उपासकाला पंचशील आहे आणि त्यात ढोलकीला बंदी नाही. उलट भगवान बुद्धांनी वीणेचाच दाखला दिला आहे. सोण नावाचा भिक्खू पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चंक्रमण करी, तरी चित्त शांत होईना. घरी परत जावे असे त्याला वाटू लागले. गृहस्थाश्रमात तो उत्तम वीणा वाजवायचा. तथागतांनी त्याला विचारले, तार फार ताणली तर वीणा नीट वाजते का? नाही. फार सैल सोडली तर? तरीही नाही. प्रयत्नाचेही तसेच आहे. मध्यम मार्ग समजावायला बुद्धांना त्याचे वाद्य आठवले, हे लक्षात घ्या. आज आमच्या पोरांची तार ताणली जाते आहे. नोकरी ताणते, कर्जाचा हप्ता ताणतो, आणि 'समाजासाठी अजून जास्त कर' म्हणत आम्ही कार्यकर्तेही ताणतो. तार तुटली की मग शोकसभा घेतो.

तेव्हा करायचे काय? आमच्या समजुतीप्रमाणे तीन गोष्टी. पहिली, जादा तासांच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो कागद वस्तीत कुणालातरी दाखवा, एकट्याने नकार देणे जड जाते म्हणून चौघे मिळून बोला, युनियन असेल तर युनियनमधून बोला. दुसरी, विहार हे फक्त वंदनेचे आणि सभेचे ठिकाण ठेवू नका. आठवड्यातली एक संध्याकाळ तिथे पेटी, ढोलकी, चित्रे, वाचन यासाठी राखा. ज्यांच्या घरी दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात त्यांना वाजवायला जागाच नसते. आणि ती संध्याकाळ महिलांसाठीही आहे, म्हणजे त्या वेळी घरचा स्वयंपाक पुरुषांनी करायचा, हे ठरावात लिहा. तिसरी, जयंतीला पाच-पाच लाखांचा डीजे लावता, त्यातला दहावा हिस्सा आपल्या गायन पार्टीला द्या. शाहिराला शाल-नारळ पुरे, मानधन द्या.

पुढच्या रविवारी आम्ही त्या तरुणाला मुद्दाम बोलावून घेतले. म्हणालो, "बाळा, मागच्या वेळी मी अर्धाच सल्ला दिला. सही करणे तुझ्यावर बंधनकारक नाही. पैसे हवे असतील तर तो निर्णय तुझा, त्यात कमीपणा काही नाही. पण ढोलकी 'नंतर' वाजवता येते, असे मी म्हणालो ते परत घेतो." तो हसला. कागद अजून खिशातच होता. गोदामातल्या आणखी तिघांनाही तो आला आहे म्हणाला. त्या चौघांना घेऊन आम्ही बसलो, काय बोलायचे ते ठरवले. सुपरवायझरशी बोलणे झाले आहे, उत्तर यायचे आहे. काय होईल ते आज सांगता येत नाही. आई आजारी आहे, कदाचित त्याला सही करावीही लागेल.

आमच्यापुरते सांगायचे तर पेटी कुणाला दिली नाही. भाता फाटला होता, दोन सूर दबत होते. दुरुस्तीला टाकली आहे. येत्या बुधवारी संध्याकाळी विहारात या. हात बसलेला नाही, बोटे जड झाली आहेत, सुरुवातीला बेसूर वाजेल. सवय होईपर्यंत सांभाळून घ्या. बुधवारी घरचा स्वयंपाक आमच्याकडे आहे, तेव्हा यायला थोडा उशीर होईल.

जयभीम!